मेंदूमृत्यू कसा ठरवतात, आणि अवयवदानाचा विषय त्यात कधी येतो?

पाऊलवाट

मेंदूमृत्यू झालेल्या माणसाचं अंग उबदार असतं, छाती वरखाली होत असते, मॉनिटरवर नाडी दिसते, पिशवीत लघवी जमत असते. क्वचित हातही हलतो. तरी डॉक्टर 'मृत्यू झाला' म्हणतात. हे कशाच्या जोरावर म्हणतात ते मुळातून समजून घ्यायचं आहे.

तपासणी नेमकी कशी करतात आणि ती कुठे फसू शकते? ईईजीची (मेंदूतल्या विजेच्या आलेखाची) रेघ सपाट आली की झालं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते बरोबर आहे का? दुसरं, काही देशांत हृदय थांबल्यावर पाचच मिनिटांत अवयव काढायला घेतात. त्या पाच मिनिटांत छाती दाबली असती तर हृदय कदाचित परत चाललं असतं. मग तो माणूस मेला असं कसं म्हणायचं? आणि सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट: मृत्यू ठरवणारे आणि अवयव हवे असणारे एकाच इमारतीत काम करतात. त्यांच्यामध्ये भिंत कोणती असते?

दानाचं महत्त्व सांगणारं लिखाण भरपूर आहे. मला प्रत्यक्ष क्रम हवा आहे.

अतिदक्षता

आधी कोमा आणि मेंदूमृत्यू वेगळे करू. कोमात मेंदूचं काम बंद पडल्यासारखं दिसतं, पण त्याला रक्त मिळत असतं. व्हेजिटेटिव्ह स्टेटमधला रुग्ण तर डोळे उघडतो, स्वतः श्वास घेतो, कारण त्याचा मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम, शाबूत असतो. मेंदूमृत्यूत देठासकट सगळं जातं. कवटी हा बंद डबा आहे. मार बसून, रक्तस्राव होऊन किंवा बराच वेळ ऑक्सिजन न मिळून मेंदू सुजला की आतला दाब चढतो. तो सरासरी रक्तदाबाच्या वर गेला की मानेतून वर जाणारं रक्त कवटीत शिरतच नाही. हृदयाला मात्र ठोका द्यायला मेंदूचा हुकूम लागत नाही, त्याचं स्वतःचं केंद्र आहे. व्हेंटिलेटर ऑक्सिजन पुरवतो तोवर ते चालत राहतं. छाती हलते ती यंत्रामुळे.

तुमचा 'कुठे फसू शकते' हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण चुका तपासणीत कमी आणि तपासणीला लवकर बसण्यात जास्त होतात. सुरुवात करण्याआधी मेंदूला इजा कशानं झाली हे माहीत हवं आणि ती इजा स्कॅनवर दिसायला हवी. कारण माहीत नसेल तर पुढे जायचंच नाही. हृदय बंद पडून मेंदूला इजा झाली असेल तर निदान २४ तास थांबायचं, आणि रुग्णाला उपचार म्हणून थंड केलं असेल तर पुन्हा ऊब आल्यावर २४ तास. शरीराचं तापमान ३६ अंश सेल्सिअस किंवा वर, वरचा रक्तदाब १०० किंवा जास्त, सोडियम आणि साखर टोकाची बिघडलेली नाही. गुंगीचं औषध दिलं असेल तर त्याच्या अर्धायुष्याच्या, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणाऱ्या काळाच्या, पाचपट वेळ जाऊ द्यायचा. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं असेल तर त्याहूनही जास्त. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं असेल तर मनगटाजवळ नर्व्ह स्टिम्युलेटर लावून चार झटक्यांना चार प्रतिसाद येतात का ते बघायचं. हे केलं नाही तर पूर्ण जागा, पण हलू न शकणारा माणूस मृत ठरण्याचा धोका असतो. मण्यारीच्या विषानं, बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या गोळीच्या जादा डोसनं आणि तीव्र गियाँ-बारे या नसांच्या आजारानंही हुबेहूब तसंच चित्र उभं राहतं. हे तिन्ही रुग्ण वाचू शकतात.

मग प्रत्यक्ष तपासणी. भुवईखालच्या हाडाच्या खाचेवर आणि नखावर जोरानं दाबून बघतात, चेहऱ्यावर काही हालचाल होते का. बाहुल्यांवर प्रखर उजेड टाकतात. बुबुळाला कापसाचा बोळा लावतात. मानेला इजा नसेल तर डोकं झटकन बाजूला वळवून डोळे कसे फिरतात ते बघतात. डोकं ३० अंश उचलून कानात बर्फाचं पाणी सोडतात, साधारण ५० मिलिलिटर, आणि एक मिनिट डोळ्यांकडे बघत राहतात. दुसऱ्या कानाआधी पाच मिनिटं थांबतात. त्याआधी कानात मळ नाही आणि पडदा फाटलेला नाही हे बघावं लागतं. मळाचा खडा असेल तर पाणी पडद्यापर्यंत पोचतच नाही आणि 'प्रतिसाद नाही' असा खोटा निकाल मिळतो. शेवटी घशात आणि श्वासनळीत सक्शनची नळी घालून उबळ किंवा खोकला येतो का ते पाहतात.

यांतलं एक जरी उत्तर आलं तरी तपासणी तिथेच थांबते. सगळं निरुत्तर असेल तरच ॲप्निया टेस्ट, म्हणजे श्वास आपोआप येतो का याची चाचणी. श्वास घ्यायला भाग पाडणारी सर्वांत मोठी चेतना म्हणजे रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड. तो मुद्दाम साठू द्यायचा आणि देठ जागा होतो का ते बघायचं. आधी दहा मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मिमी पारा इतका आणून ठेवायचा. मग व्हेंटिलेटर काढायचा आणि श्वासनळीतल्या नळीतून कॅथेटर, म्हणजे आणखी बारीक नळी, खाली सोडून मिनिटाला ४ ते ६ लिटर ऑक्सिजन चालू ठेवायचा. कॅथेटर जाड असेल तर हवा बाहेर निघायला जागा उरत नाही आणि फुप्फुस फुटू शकतं. छाती आणि पोट उघडं ठेवायचं. चादर असेल तर हलका श्वास दिसत नाही. व्हेंटिलेटर जोडलेला ठेवून त्याच्या आकड्यांवर विसंबायचं नाही, कारण हृदयाच्या धक्क्यानंही यंत्र 'रुग्णानं श्वास ओढला' असं दाखवतं. कार्बन डायऑक्साइड मिनिटाला साधारण ३ मिमीनं चढतो. आठ-दहा मिनिटांनी धमनीतलं रक्त तपासायला पाठवायचं. आकडा ६० किंवा वर, सुरुवातीपेक्षा निदान २० नं जास्त, पीएच (रक्ताच्या आम्लतेचा आकडा) ७.३० च्या खाली, आणि तरी एकही श्वास नाही: मेंदूमृत्यू. मध्येच रक्तदाब १०० च्या खाली किंवा ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या खाली गेला तर टेस्ट सोडून द्यायची. जुनाट फुप्फुसविकारात शरीराला वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडची सवय झालेली असते, तिथे हे आकडे तसेच्या तसे चालत नाहीत.

हात हलण्याबद्दल: पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू अजून जिवंत असतो. मान वाकवल्यावर किंवा व्हेंटिलेटर काढल्यावर दोन्ही हात उचलले जाऊन छातीवर येतात, याला लॅझरस साइन म्हणतात. नातेवाईकांना हे आधी सांगितलं नाही तर त्यांचा विश्वास उडतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तिसरा_मजला

ईईजीबद्दल. ईईजी मेंदूच्या पृष्ठभागावरची वीज वाचतो. देठाबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय आयसीयूतल्या पंप आणि मॉनिटरचे विद्युत तरंग त्यात मिसळतात, आणि गुंगीच्या औषधांनीही रेघ सपाट होऊ शकते. २०२३ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढांसाठी पूरक चाचणी म्हणून ईईजी वगळला आहे. ॲप्निया टेस्ट करता आली नाही किंवा चेहऱ्याला मार असल्यानं डोळे तपासता आले नाहीत तर मेंदूला रक्त जातं का हे बघतात: चार धमन्यांची अँजिओग्राफी, रेडिओन्यूक्लाइड स्कॅन किंवा ट्रान्सक्रेनियल डॉप्लर. तरी काही देशांच्या नियमांत ईईजी अजून आहे, त्यामुळे तुम्ही वाचलेलं अगदीच चूक नाही.

आता पाच मिनिटांचा प्रश्न, जो नीतीच्या दृष्टीनं जास्त अवघड आहे आणि तो सोपा करून सांगणाऱ्यांवर विसंबू नये.

हा मार्ग मेंदूमृत नसलेल्या रुग्णांसाठी आहे. मेंदूची इजा इतकी की सुधारण्याची आशा नाही, आणि उपचार काढून घेण्याचा निर्णय झालेला आहे. हा निर्णय दानाचा शब्दही निघण्याआधी, आणि दान होणार नसतं तरी झालाच असता अशा आधारावर व्हायला हवा. मग ठरलेल्या वेळी व्हेंटिलेटर काढतात. वेदनेचं औषध देतात ते त्रास दिसेल तेवढं. मृत्यू लवकर यावा म्हणून डोस वाढवणं हा सरळ गुन्हा आहे. हृदय थांबलं की कोणीही हात न लावता वाट बघायची. बहुतेक ठिकाणी ही वाट पाच मिनिटांची असते, इटलीत वीस मिनिटांची.

पाच का? हृदय आपोआप परत सुरू होऊ शकतं का, हा कळीचा मुद्दा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅनडा, चेक प्रजासत्ताक आणि नेदरलँड्समधल्या ६०० हून जास्त रुग्णांच्या धमनीतला दाब उपचार काढल्यानंतर सतत नोंदवला. काही रुग्णांत थांबलेली नाडी पुन्हा क्षणभर दिसली, पण सर्वांत लांब खंड ४ मिनिटं २० सेकंदांचा होता. पाच मिनिटांची वाट त्याच्या थोडीच पलीकडे आहे, आणि वाट कमी करा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे तो याच कारणानं.

'छाती दाबली असती तर?' याला प्रामाणिक उत्तर असं: हो, काहींचं हृदय चाललं असतं. म्हणून इथे दोन शब्द वेगळे ठेवतात. 'अपरिवर्तनीय' म्हणजे काहीही केलं तरी परत येऊ शकत नाही. 'कायमचं' म्हणजे आपोआप परत येणार नाही आणि कोणी परत आणायचा प्रयत्न करणार नाही, कारण तसा प्रयत्न नको हे आधीच ठरलेलं आहे. रोजच्या व्यवहारात मृत्यूचा दाखला दुसऱ्या अर्थानंच दिला जातो. वॉर्डात हृदय थांबलेल्या वृद्ध रुग्णापाशी कोणी तासभर थांबत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांचा आक्षेप पोकळ नाही. विशेषतः हृदय थांबल्यावर पोटात किंवा छातीत पंपानं रक्त पुन्हा फिरवतात तेव्हा तो धारदार होतो. तिथे मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या आधी बंद कराव्या लागतात, आणि 'मृत्यू होऊन गेला असेल तर वाहिन्या बंद करायची गरज का?' या प्रश्नावर वैद्यकातही एकमत झालेलं नाही.

आणखी एक तपशील सहसा सांगितला जात नाही. व्हेंटिलेटर काढल्यावर ठरावीक वेळात, अनेक ठिकाणी ६० ते ९० मिनिटांत, हृदय थांबलं नाही तर दान रद्द होतं. कमी रक्तदाबाच्या अवस्थेत अवयव आतून खराब झालेले असतात. अशा वेळी रुग्णाला परत खोलीत नेऊन त्याची शेवटची शुश्रूषा सुरू राहते. ती खोली आणि ती नर्स आधीच ठरलेली असावी. हे ठरवलेलं नसेल तर कुटुंब मध्यरात्री कॉरिडॉरमध्ये उभं राहतं.

दुवा

भिंतीबद्दल मी लिहिते. संशयाला इतिहास आहे. पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या समितीनं मेंदूमृत्यूचे निकष मांडले. त्या अहवालात अवयव मिळवण्यातले वाद हे एक कारण म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ही अवस्था फ्रान्समध्ये मोलारे आणि गुलाँ यांनी १९५९ मध्येच वर्णन केली होती, हृदयप्रत्यारोपणाच्या आठ वर्षं आधी. ती व्हेंटिलेटरमुळे दिसू लागली.

भिंत तीन जागी असते. मृत्यू ठरवणारे डॉक्टर प्रत्यारोपणाच्या टीममधले नसतात आणि ज्याला अवयव मिळणार त्याच्यावर उपचार करत नसतात. अनेक देशांत दोन वेगवेगळ्या डॉक्टरांची सही लागते. अवयव काढणाऱ्यांना मृत्यू ठरेपर्यंत त्या बिछान्यापाशी येण्याचं काम नसतं. आणि मृत्यूची बातमी व दानाची विचारणा या दोन वेगळ्या भेटी असतात. तिसरी भिंत सर्वांत जास्त वेळा ढासळते. एकाच दमात 'ते गेले, आणि तुम्ही अवयवदान कराल का' असं विचारलं की कुटुंबाला वाटतं, दानासाठीच गेले म्हणतायत.

क्रम असा. आधी इलाज करणारे डॉक्टर बसून सांगतात की मृत्यू झाला आहे. उभ्यानं नाही, कॉरिडॉरमध्ये नाही. हवं तर ॲप्निया टेस्ट बघायला एक-दोन नातेवाईकांना बोलावतात. दहा मिनिटं श्वास येत नाही हे डोळ्यांनी बघितल्यावर पुष्कळ शंका आपोआप मिटतात. मग थांबायचं. कुटुंबातलं कोणीतरी 'आता पुढे काय?' असं विचारतं, ती खूण. त्यांना मृत्यू उमगला नसेल तर दानाचा विषय काढायचाच नाही. उमगल्यावर को-ऑर्डिनेटर, म्हणजे दानाबद्दल कुटुंबाशी बोलणारा प्रशिक्षित माणूस, येतो.

शब्द जपायला लागतात. 'यंत्रावर जिवंत ठेवलंय' म्हणायचं नाही. 'यंत्रानं अवयवांना ऑक्सिजन मिळतोय' म्हणायचं. 'आता काही आशा नाही' हे मेंदूमृत्यूसाठी चुकीचं वाक्य आहे, कारण आशा नसणं ही जिवंत माणसाची अवस्था. 'मशीन कधी काढू?' असा प्रश्न कुटुंबावर टाकायचा नाही. त्यांना वाटतं आपणच मारतोय.

संमतीत काय काय सांगायचं: कोणते अवयव आणि कोणते ऊतक (डोळ्यांचा कॉर्निया, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा), यांतलं काहीही वगळता येतं, सगळं आटपायला बारा ते चोवीस तास किंवा जास्तही लागतात, मधल्या वेळात रक्ताच्या आणि संसर्गाच्या तपासण्या होतात, शेवटी अवयव वापरण्याजोगे निघाले नाहीत असंही घडू शकतं, शरीर नीट शिवून परत मिळतं, ऑपरेशन थिएटरमध्ये जाईपर्यंत संमती मागे घेता येते, कोणाला अवयव मिळाला त्याचं नाव सांगितलं जात नाही. 'निर्णय तुमचा' एवढ्यावर सोडायचं नाही, 'त्यांनी याबद्दल कधी काही बोललं होतं का?' असं विचारायचं. त्यानं ओझं उतरतं, कारण प्रश्न मृत माणसाच्या इच्छेचा होतो.

स्पेनचं उदाहरण नेहमी चुकीचं देतात. तिथला 'नकार नोंदवला नाही तर संमती' हा कायदा १९७९ चा. दानाचं प्रमाण मात्र १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहून रुग्णालयांमध्ये प्रशिक्षित को-ऑर्डिनेटर नेमल्यावर वाढलं. आणि कायदा काहीही म्हणो, तिथे कुटुंबाला विचारतातच.

पाऊलवाट

तिघांचेही आभार. एक अडतंय. मृत्यू ठरल्यावरही इतके तास व्हेंटिलेटर, औषधं, रक्ततपासण्या चालू. तेव्हा उपचार नक्की कोणावर चाललेत? आणि थिएटरमध्ये भूल देतात असं ऐकलं. मेलेल्याला भूल कशाला?

अतिदक्षता

उपचार अवयवांवर चालू असतात, आणि हे कुटुंबाला त्याच शब्दांत सांगावं.

देठ मेल्यावर शरीर कोसळत जातं. आधी ॲड्रेनलिनची लाट येऊन रक्तदाब प्रचंड चढतो, हृदयाला इजा होते, मग दाब धाडकन पडतो. मेंदूतलं तापमानाचं केंद्र गेल्यामुळे अंग थंड पडतं. लघवी आवरणारा व्हॅसोप्रेसिन हा हार्मोन संपतो, म्हणून पाण्यासारखी लघवी सुरू होते: ताशी प्रत्येक किलोमागे ४ मिलिलिटरच्या वर. ७० किलोच्या शरीरातून तासाला २८० मिलिलिटर. पाणी भरून काढलं नाही तर सोडियम चढतो, आणि तो १५५ च्या वर गेला तर यकृत बसवल्यावर नीट चालत नाही अशी भीती असते. म्हणून व्हॅसोप्रेसिन किंवा डेस्मोप्रेसिन, ऊब देणारी पांघरुणं, सरासरी रक्तदाब ६५ च्या आसपास. फुप्फुसांसाठी आदर्श वजनाच्या किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर इतकाच श्वास आणि पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ८ ते १०. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या हलक्या पद्धतीनं वापरण्याजोगी फुप्फुसं मिळण्याचं प्रमाण २७ वरून ५४ टक्क्यांवर गेलं.

भुलीबद्दल: मज्जारज्जू शाबूत असल्यानं चीर दिली की रक्तदाब उसळतो आणि स्नायू आखडतात. त्यासाठी स्नायू शिथिल करणारं औषध देतात, कधी दाब उतरवायला भुलीचा वायूही. वेदना जाणवायला मेंदू लागतो, तो नाही.

थंडपेटी

पुढच्या टप्प्याबद्दल थोडं. महाधमनीला चिमटा लावला की व्हेंटिलेटर बंद होतो आणि त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. थंड द्रावण धमन्यांतून सोडून रक्त धुऊन काढतात. ४ अंशांच्या आसपास हृदय साधारण ४ तास टिकतं, फुप्फुसं ६ ते ८, यकृत १२ च्या आत बसवावं, मूत्रपिंड २४ तास आणि थोडं पुढेही. काढण्याचा क्रमही तसाच: आधी हृदय आणि फुप्फुसं, मग यकृत आणि स्वादुपिंड, शेवटी मूत्रपिंडं.

बर्फाची चूक अजून होते. अवयव थेट बर्फाला टेकला तर तेवढा भाग गोठतो, पेशींत स्फटिक होतात, आणि तो भाग परत चालत नाही. म्हणून एकात एक तीन पिशव्या: आतल्या पिशवीत अवयव आणि पूर्ण बुडेल इतकं द्रावण, मधल्या पिशवीत थंड सलाइन, बाहेरची कोरडी. प्रत्येक पिशवी हवा काढून बांधायची. हवेचा फुगा राहिला तर त्या बाजूला थंडावा नीट पोचत नाही. मूत्रपिंडासोबत दात्याच्या प्लीहेचा तुकडा आणि लसिकाग्रंथी वेगळ्या डबीत जातात. त्यांतल्या पेशी घेणाऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून क्रॉसमॅच करतात. घेणाऱ्याच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आधीच असतील तर नवं मूत्रपिंड टेबलावरच काळंनिळं पडू शकतं. ही डबी विसरली तर मूत्रपिंड पोचतं आणि तपासणीवाचून खोळंबतं.

पाऊलवाट

शेवटचं. दाखल्यावर मृत्यूची वेळ कोणती लिहितात? थिएटरमध्ये यंत्र बंद केलं ती?

अतिदक्षता

नाही. ॲप्निया टेस्टमधल्या धमनीच्या रक्ताचा अहवाल हाती आला आणि कार्बन डायऑक्साइड ठरलेल्या आकड्यावर दिसला, ती वेळ. पूरक चाचणी करावी लागली असेल तर तिचा निकाल अधिकृतपणे वाचला ती. जिथे नियमानं दोन तपासण्या लागतात तिथे कोणती वेळ धरायची हे तिथला नियम सांगतो, पण ती थिएटरच्या आधीचीच असते. कुटुंबानं दानाला होकार दिला की नकार, यानं ती वेळ बदलत नाही. यंत्र बंद केल्याची वेळ शस्त्रक्रियेच्या नोंदीत जाते.